शेजाऱ्याबरोबर निम्म्या खर्चात टॅली गोल्ड घ्यावं का?

प्रश्न: मी इचलकरंजीत यंत्रमागवाले आणि सूत व्यापारी यांचे हिशेब लिहिण्याचं, जीएसटी रिटर्न भरण्याचं काम करते. हाताखाली दोन मुली आहेत, पोर्टलवरचं काम मी बघते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सिल्व्हर प्रकाराचं एकच लायसन्स असल्यामुळे एकीची एंट्री चालू असली की दुसरी बसून राहते. शेजारच्या गाळ्यातले करसल्लागार म्हणतात, तुमचं सिल्व्हर गोल्ड करून घेऊ, केबल टाकून दोघं वापरू, खर्च निम्मा-निम्मा. अपग्रेडचे 45,000 रुपये अधिक जीएसटी आहेत, दरपत्रक सोबत पाठवलं आहे. डीलर म्हणतो, खर्च टॅक्समध्ये वाचेल. आणखी एक ओळखीचा मुलगा 3,000 रुपयांत ‘चालू करून’ देतो म्हणतो. वर्षाला फी 11 लाखांच्या आसपास जमते, जीएसटी नोंदणी नाही, आयकर रिटर्न कलम 44एडीएखाली भरते. एफडी 1,20,000 ची आहे, घर आणि ऑफिसचा मिळून महिन्याचा खर्च 60,000. एफडी मोडू का?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका, आणि शेजाऱ्यांबरोबर लायसन्सही वाटून घेऊ नका. तुमची अडचण खरी आहे. बसून राहिलेल्या मुलीचा पगार तुमच्याच खिशातून जातो. पण ती अडचण याहून बऱ्याच कमी पैशांत सुटते.

सिल्व्हर एका कॉम्प्युटरवर, एका वेळी एकाच माणसासाठी असतं. गोल्ड एका ऑफिसच्या लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, कितीही जण वापरू शकतात. त्यात लायसन्स एका मशीनवर बसवलेलं असतं आणि बाकीची मशीन्स ते तिथून घेतात. ते मशीन बंद पडलं तर इतरांची टॅली एज्युकेशनल मोडमध्ये जाते, आणि त्या मोडमध्ये महिन्यातल्या दोन-तीन ठरावीक तारखांपलीकडे एंट्री घालता येत नाही. 20 तारखेला जीएसटीचं 3बी रिटर्न भरायची घाई असताना तुमचं मशीन बिघडलं तर शेजाऱ्यांचंही काम अडणार, आणि ते तुमच्या दारात उभे राहणार.

केबल टाकली की दोन्ही गाळ्यांत टॅली चालेल, यात शंका नाही. पण लायसन्स तुमच्या नावावर आणि तुमच्या व्यवसायापुरतं आहे. दुसऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाला ते वापरायला देणं, वर त्याचे पैसे घेणं, हे त्यात बसत नाही. अपग्रेड तुमच्या सीरियल नंबरवर होणार, त्यामुळे कंपनीकडून विचारणा झाली तर उत्तरही तुम्हालाच द्यावं लागेल. शेजाऱ्यांचंही यात भलं नाही. निम्मे पैसे देऊन त्यांच्या नावाचं बिल नसेल, आणि गाळा बदलला तर सोबत न्यायला काहीच नसेल. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुमच्या ग्राहकांची. एका सूत व्यापाऱ्याची खाती तुमच्याकडे आणि त्याच्या स्पर्धकाची शेजाऱ्यांकडे असतील, तर दोघांचे खरेदीचे दर एकाच नेटवर्कवर आले. ग्राहकाला हे कळलं तर तो तुमच्याकडे थांबणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नसेल.

आता दरपत्रक पुन्हा उघडा. अपग्रेडचे 45,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 53,100. तुमचा निम्मा वाटा 26,550. त्याच कागदावर नवीन सिल्व्हर 22,500 ला आहे. जीएसटी धरून तेही 26,550 च होतं. जेवढ्या पैशांत तुम्ही शेजाऱ्यांबरोबर अर्धं गोल्ड घेणार होतात, तेवढ्यातच स्वतःच्या नावाचं दुसरं लायसन्स येतं.

दोन सिल्व्हरवर काम भागेल का? त्यासाठी एवढंच बघा, की दोघींना एकाच वेळी एकाच ग्राहकाची कंपनी, म्हणजे टॅलीतली त्याची खाती, उघडावी लागते का? तशी गरज असेल तर सिल्व्हर पुरणार नाही, गोल्डच लागेल. पण तुमच्यासारख्या ऑफिसात प्रत्येक ग्राहकाची कंपनी वेगळी असते. निम्मे ग्राहक एका मशीनवर, निम्मे दुसऱ्यावर ठेवले की कुणी कुणाची वाट बघत नाही. एखाद्या व्यापाऱ्याकडे दिवसभर बिलं फाटत असतील आणि दोघींना त्यातच बसावं लागत असेल, तर ते गोल्ड त्याने त्याच्या पेढीवर घ्यावं. तो त्याच्या धंद्याचा खर्च आहे, तुमचा नव्हे. पुढच्या वर्षांचं टीएसएस, म्हणजे टॅलीच्या अपडेट आणि सेवेची वर्गणी, तीही मोजा: गोल्डचं वर्षाला 13,500, दोन सिल्व्हरचं मिळून 9,000, जीएसटी वेगळा.

टॅक्सचं डीलरने सांगितलं ते तुमच्या बाबतीत लागू होत नाही. 44एडीएमध्ये फीच्या 50 टक्के रक्कम नफा धरली जाते आणि सगळा खर्च, घसारासुद्धा, उरलेल्या निम्म्यात आला असं मानलं जातं. सॉफ्टवेअर घेतलं म्हणून वेगळी वजावट नाही. तुमचं उत्पन्न साडेपाच लाख धरलं जाईल. दुसरं काही उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत त्यावर तसाही कर लागत नाही. जीएसटी नोंदणी नसल्यामुळे भरलेल्या 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वळतीही, मिळणार नाही. दरपत्रकातला प्रत्येक रुपया तुम्हाला पूर्ण पडतो.

3,000 वाल्या मुलाला कृपा करून ऑफिसात बसवू नका. तो देणार ती बेकायदा प्रत, आणि हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बीखाली गुन्हा आहे. किमान 7 दिवस ते 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. तुमचा वापर धंद्यासाठीच आहे. शिवाय ज्या मशीनवर लोकांचे जीएसटीचे पासवर्ड आहेत, त्यावर कुणीतरी कुठून तरी आणलेली फाइल चालवायची हे मला अजिबात पटत नाही.

एफडी म्हणजे तुमचा दोन महिन्यांचा खर्च, आणि तोसुद्धा कमीच आहे. तुमच्या ग्राहकांचे पैसे कापड उठावावर अवलंबून असतात, मंदीत फी थकते. त्या ठेवीला हात लागता कामा नये.

तुम्ही असं करा. दरपत्रकात भाड्याचं सिल्व्हर महिना 750 रुपये, जीएसटीसह 885 आहे. ते पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या मशीनवर सुरू करा. विकत घेण्याच्या किमतीत 30 महिन्यांचं भाडं निघतं, त्यामुळे घाई नाही. सोबत दरमहा 4,500 रुपये वेगळ्या खात्यात टाका. सहा महिन्यांत 27,000 होतील. दुसरं मशीन वर्षभर चालतंय असं दिसलं तर त्यातून सिल्व्हर विकत घ्या. फक्त जुलै ते ऑक्टोबरच्या हंगामातच लागत असेल तर दरवर्षी तेवढे चार महिने भाड्याने घ्या, 3,540 रुपयांत भागेल, आणि साठलेली रक्कम एफडीत वाढवा. भाड्याने घ्या किंवा विकत, नोंदणी स्वतःच्या ईमेलवर करून घ्या, डीलरच्या नाही. पुढे डीलर बदलायचा झाला किंवा मशीन बदललं, तर लायसन्सचा ताबा तुमच्याकडे राहील.