थंडीतला जड सेल आणि ऑइलचा दाटपणा

प्रश्न : माझी डिझेल गाडी दहा वर्षे जुनी आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेताकडे निघताना सेल मारला की इंजिन जड फिरते आणि बऱ्याच प्रयत्नांनी सुरू होते. दुपारी त्रास नसतो. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ऑइल सांगितले आहे, पण मागच्या वेळी ट्रॅक्टरसाठी आणलेले २०डब्ल्यू-४० टाकले. पुन्हा पातळ ऑइल टाकले तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात इंजिन खराब होईल का?
— एक वाचक, जिंतूर, जि. परभणी

उत्तर : उन्हाळ्याची भीती आधी मनातून काढून टाका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन पूर्ण तापल्यावर, ऑइल किती दाट राहते ते सांगतो. बाहेर ४३ अंश असोत वा ८, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठीक असतील तर तापलेल्या इंजिनातील तापमानात फारसा फरक पडत नाही. कंपनीने ३० सांगितले असेल, तर त्या इंजिनाच्या बेअरिंगांमधील फट आणि ऑइल पंप त्याच हिशेबाने बनवलेले असतात. पुस्तिकेतील तक्त्यात उष्ण प्रदेशासाठी ५डब्ल्यू-४० चालते असे लिहिले असेल, तर तेही निर्धास्तपणे वापरावे.

आता पहाटेचा प्रश्न. २०डब्ल्यू ऑइलची सेल मारण्याची चाचणी उणे १५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर. परभणीकडे थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तरी २०डब्ल्यू ऑइल गोठण्याइतकी ती थंडी नव्हे. मात्र त्या तापमानाला ते ५डब्ल्यूपेक्षा बरेच दाट असते आणि स्टार्टरला तेवढा जास्त जोर लावावा लागतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. इंजिन हळू फिरले की ती हवा रिंगांच्या फटींतून निसटते, तिची उष्णता सिलिंडरच्या गार भिंती शोषून घेतात, आणि डिझेल न पेटताच पांढरा धूर बाहेर येतो.

तरीही सगळा दोष ऑइलवर टाकणे मला पटत नाही. थंडीत बॅटरीची ताकदही घटते, आणि उन्हाळ्याच्या तापाने आधीच झिजलेली बॅटरी, मराठवाड्यात जे सर्रास घडते, डिसेंबरात उघडी पडते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. सेल मारताना आकडा ९.६ च्या बराच खाली गेला, तर बॅटरी तपासून घ्या. टर्मिनलवरचा पांढरट थर आणि इंजिनाची सैल अर्थ वायर यांनीही सेल असाच जड होतो. इंजिन जोरात फिरूनही पेटत नसेल, तर मात्र संशय हीटर प्लगवर (थंडीत सिलिंडरमधली हवा तापवणारा प्लग) किंवा डिझेलच्या पुरवठ्यावर घ्यावा.

ऑइल बदलताना केवळ आकडे जुळवू नका; डब्यावरची एपीआय किंवा एसीईए (ऑइलचा दर्जा सांगणारी मानके) प्रतही पुस्तिकेशी जुळली पाहिजे. ट्रॅक्टरचे ऑइल ट्रॅक्टरसाठी उत्तम असते, पण त्याची प्रत तुमच्या गाडीला लागू असेलच असे नाही. तोवर पहाटे डॅशबोर्डवरचा हीटर प्लगचा दिवा विझल्यावरच सेल मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त ताणू नका, आणि गाडी सुरू झाल्याबरोबर रेस देऊ नका, कारण दाट ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोहोचायला उशीर लागतो.