वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जरी विभागात ऑपरेशन नेमके कोण करते?

आपल्या वडिलांना जांघेतील हर्नियासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातून वैद्यकीय महाविद्यालयात पाठविले आहे. तेथे शिकाऊ डॉक्टर गरिबांवर हात बसवून घेतात असे यवतमाळकडील आपल्या गावात बोलले जाते. तेव्हा तेथील सर्जरी विभाग चालतो कसा आणि ऑपरेशन कोण करते, असा आपला प्रश्न आहे. विदर्भातील एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मी शल्यचिकित्सेचा अध्यापक आहे. नागपूरचे मेडिकल 1947 चे, सेवाग्रामचे महाविद्यालय 1969 चे आणि यवतमाळचे 1989 चे असले, तरी विभागाची मूळ रचना सर्वत्र जवळजवळ सारखीच असते.

विभागाची विभागणी युनिटांमध्ये केलेली असते. युनिटचा प्रमुख प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक असतो. त्याच्याबरोबर सहायक प्राध्यापक, एम.एस. ही शल्यचिकित्सेची पदव्युत्तर पदवी पूर्ण केलेले सीनियर रेसिडेंट आणि तीन वर्षांच्या एम.एस. अभ्यासक्रमाचे ज्युनियर रेसिडेंट काम करतात. गावात ज्यांना शिकाऊ म्हणतात ते हेच ज्युनियर रेसिडेंट, आणि ते एम.बी.बी.एस. होऊन आलेले, नोंदणीकृत डॉक्टर असतात. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा, ऑपरेशनचा आणि तातडीच्या रुग्णांचा वार ठरलेला असतो. ज्या युनिटच्या ओपीडीत वडिलांना प्रथम तपासतील, तेच युनिट टाके निघेपर्यंत आणि त्यानंतरही त्यांना जबाबदार राहते, म्हणून केसपेपरवर लिहिलेले युनिट आणि त्याचा वार आपण लक्षात ठेवावा.

आता मुख्य प्रश्न. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट ऑपरेशनमध्ये मदतनीस म्हणून उभा राहतो, चिमटे धरतो, कातडीचे टाके घालतो. पुढे गळू, हायड्रोसील (अंडाभोवती साठलेले पाणी), अपेंडिक्स अशा क्रमाने त्याच्याकडे काम येते, आणि हर्नियाच्या जागी आधारासाठी कृत्रिम जाळी बसविण्याचे काम साधारणपणे हात तयार झाल्यावर, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वरिष्ठ सर्जन उभा असताना, त्याला दिले जाते. अशा वेळी चिरा रेसिडेंटचा असला तरी निर्णय माझा असतो; जांघेतील नस किंवा वीर्यवाहिनी जवळ आली आणि त्याचा हात अडखळला, की मी सूत्रे माझ्याकडे घेतो. यात वेळ थोडा अधिक लागतो, हे मी नाकारणार नाही. तरीही संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ‘ऑपरेशन कोण करणार आणि वरिष्ठ कोण हजर असणार’ असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. हा प्रश्न विचारल्याने डॉक्टर नाराज होतील अशी भीती आपल्याकडे फार आहे, आणि ती अनाठायी आहे.

खरे तर विभागाच्या कामात प्रत्यक्ष ऑपरेशनचा वाटा लहान असतो. रुग्णाला ऑपरेशनयोग्य करणे हे मोठे काम, आणि विदर्भात तर ते विशेष निगुतीने करावे लागते. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय असल्यामुळे त्याची तपासणी आम्ही आधी करून घेतो. सिकलसेलचा आजार असलेल्या रुग्णाच्या शरीरात पाणी कमी पडले, ऑक्सिजन घटला किंवा अंग गार पडले, तर रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवितात. म्हणून अशा रुग्णाला उपाशी ठेवलेल्या काळात सलाईन द्यावे लागते आणि ऑपरेशनच्या खोलीत उबदार ठेवावे लागते. या आजारात पोटदुखी इतकी तीव्र उठते की ती अपेंडिक्सची वाटावी, आणि पोट उघडायचे की नाही हे ठरविण्यात अनुभवी सर्जनचीही परीक्षा होते. दुसरी बाब खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या मिश्रणाची. वर्षानुवर्षे खर्रा खाणाऱ्याचे तोंड आखडून दोन बोटेही आत जात नाहीत, आणि मग पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते. हर्नियाला बहुधा कमरेतून भूल देतात, तरी भूलतज्ज्ञ तोंड उघडून पाहतोच, कारण कमरेची भूल अपुरी पडली तर पुढचा मार्ग आधीच ठरलेला असावा लागतो. वडील बिडी ओढत असतील, त्यांना जुना खोकला असेल, लघवीला जोर करावा लागत असेल किंवा शौचाला कुंथावे लागत असेल, तर ते न लपविता सांगावे. पोटावरचा हा ताण तसाच राहिला, तर बसविलेल्या जाळीच्या कडेने हर्निया पुन्हा उतरू शकतो.

सकाळच्या राऊंडला खाटेभोवती आठ-दहा जण उभे राहतील आणि एकच हकीकत वडिलांना अनेकदा सांगावी लागेल. शिक्षण खाटेपाशीच होते, त्याला इलाज नाही. मात्र हर्नियाची तपासणी उभे करून, खोकायला लावून, कपडे बाजूला सारून करतात. विद्यार्थ्यांसमोर त्यांना संकोच वाटत असेल तर त्यांनी तसे स्पष्ट सांगावे. त्यामुळे उपचारात काहीही कमी होता कामा नये.

वेळेबाबत एक सूचना. जून लागला की ठरविलेली ऑपरेशने लोक पुढे ढकलतात, आणि वॉर्डात सर्पदंशानंतर सडलेले पाय व बैलाने शिंग मारलेली पोटे येऊ लागतात. सोयाबीनच्या काढणीपासून कापसाची वेचणी संपेपर्यंतही तीच स्थिती असते. हर्नियानंतर सुमारे सहा आठवडे जड ओझे उचलता येत नाही, म्हणून शेतकऱ्याने वेचणी आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी ऑपरेशन करून घ्यावे, असे माझे मत आहे. खर्चासाठी रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्यावे. 2012 मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची आरोग्य योजना कोणत्या उपचाराला लागू आहे, हे रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, सांगतो. भरती होण्याआधीच त्याला भेटलेले बरे.

तोपर्यंत एवढे पाहावे की, आडवे झाल्यावर गाठ आत जाते की नाही. ती आत जाईनाशी झाली, टणक होऊन दुखू लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले असे समजून ओपीडीच्या वाराची वाट न पाहता, रात्र असली तरी थेट तातडीच्या विभागात न्यावे, आणि वाटेत त्यांना काही खाऊ-पिऊ घालू नये.