डबा वाजवून पाहिला

ताई,

माझं वय 56. नागपुरात एका फ्लॅट स्कीममध्ये राहतो. मी घरातली मोठी सून. सासूबाई 82 वर्षांच्या. चार वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं, हो-नाहीला मान हलवतात. जेवू घालणं, डायपर, रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं मीच करते. हे रिटायर झालेत. ह्यांना किळस येते, जमत नाही, पण देवमाणूस आहेत, कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत.

यंदा महालक्ष्म्यांना पुण्याची धाकटी जाऊ दोन दिवस आली. मी सोळा भाज्यांचं चिरलेलं पाकीट आणलं, फुलोऱ्याच्या करंज्या विकतच्या. सवाष्णींसमोर म्हणाली, "आईंच्या काळात असं नव्हतं." जाताना ह्यांना म्हणाली, वहिनींना होत नसेल तर मुखवटे पुण्याला द्या. माझं बाहेर पडणं बंदच आहे. चार वर्षांत मारबतीची मिरवणूक पाहिली नाही, कोराडीला देवीला गेले नाही. कोजागिरीला स्कीमच्या गच्चीवर दूध असतं, ते ह्यांच्याच हातचं. माझ्यासाठी डब्यात आणतात, सकाळी फ्रिजमध्ये असतो. तेवढं बरं आहे. पण जाऊबाईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. मुखवटे द्यावेत का?

— मोठी सून, नागपूर

मोठ्या सूनबाई,

मुखवट्यांचं आधी उरकते. ज्यांचे ते मुखवटे, त्या आतल्या खोलीत पलंगावर आहेत. त्यांना समजतं, मान हलवता येते, असं तुम्हीच लिहिलंय. पुण्याच्या सूनबाईंनी त्यांना विचारलं नाही. तुम्हीही नाही, तुम्ही मला विचारलं. आत जाऊन विचारा, मान हलेल तसं करा. झालं.

आता डब्याबद्दल बोलू.

तुमचं मूळ पत्र चार पानी. वर कापून छापलंय. त्यातली पावणेतीन पानं जाऊबाईंवर आहेत. मी चवीनं वाचली, खोटं कशाला बोलू. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याबरोबर बडग्यांचे पुतळे निघतात ना, तसा जाऊबाईंचा चांगला उंच बडग्या केलाय तुम्ही, गळ्यात पाटी अडकवून. पण बडग्या मिरवून झाला की जाळून मोकळं व्हायचं असतं. दोन दिवस येऊन टोमणा मारून गेलेली बाई उरलेले 363 दिवस तुमच्या घरात नसते. पिवळी मारबत 1885 पासून या शहराची इडापीडा गावाबाहेर नेऊन राहिली. रस्त्यावर उभं राहून ओरडता येईल अशी पीडा ती नेते. घरातली, हळू आवाजात बोलणारी पीडा तिच्या गाड्यावर चढत नाही.

लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात भुलाबाई बसायची. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. भुलोजी, भुलाबाई, मांडीवर गणोबा, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर. रोज संध्याकाळी आम्ही पोरी घरोघरी गाणी म्हणत फिरायचो, आणि गाण्यांपेक्षा सगळं लक्ष शेवटच्या खिरापतीवर. घरची बाई बंद डबा हातात द्यायची. तो कानाशी धरून वाजवायचा आणि आत काय ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. शेंगदाणे, मुरमुरे, शंकरपाळे असले की डबा लगेच चुगली करतो. पंचाईत न वाजणाऱ्या डब्याची. वाटली डाळ वाजत नाही. पाटवड्या वाजत नाहीत. पोरी हरायच्या, रडकुंडीला यायच्या. मी त्यात पटाईत होते. वाजत नसेल तर वजन बघायचं, आणि बुडाला हात लावून गार आहे की गरम ते बघायचं.

तुमचा डबा गार आहे, बाई.

कोजागिरीचं दूध कधी पितात? चंद्र डोक्यावर आला की, मध्यरात्रीच्या सुमाराला. गंजात आटून निम्मं झालेलं, जायफळ, वेलदोडा, चारोळी घातलेलं, ओठ पोळेल असं. ते दूध आटवणं म्हणजे चेष्टा नाही. दोन-दोन तास एका जागी उभं राहून, हात न थांबवता ढवळावं लागतं, नाहीतर बुडाला लागतं. तुमच्या ह्यांना ते येतं. मन लावून, घड्याळ लावून, न कंटाळता करायचं काम त्यांना येतं, हे तुम्हीच मला कळवलंय. मग रात्री साडेबारा-एकला ते खाली येतात, डबा फ्रिजमध्ये ठेवतात आणि झोपतात. तुम्हाला उठवत नाहीत. देवमाणूस ना. पण दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे तुम्ही दहाला जाग्या, बाराला जाग्या, दोनला जाग्या. मग न उठवण्याचा तो मोठेपणा कोणासाठी होता?

लक्ष्मी त्या रात्री 'को जागर्ति' विचारत फिरते म्हणतात. तिला तुमच्या स्कीमच्या गच्चीपर्यंत चढायचं कारणच नव्हतं, तुमच्याच दाराशी उत्तर मिळालं असतं. हे वाक्य लिहिलं आणि खोडावंसं वाटलं, कारण असली वाक्यं वाचून बायका डोळे पुसतात आणि परत डायपर बदलायला जातात. मला तुमचे डोळे नकोत. मला तुमचा राग हवाय, आणि तो पुण्याला पाठवू नका.

चढ्या आवाजात बोलत नाहीत म्हणता. आवाज चढवायची वेळ कधी आली त्यांच्यावर? चार वर्षं आईचं बिनबोभाट होतंय, आयतं ताट येतंय, गच्चीवर दूध ढवळायला मोकळीक आहे. अशा घरात मी पण देवमाणूस झाले असते. "ह्यांना किळस येते." तुम्हाला काय चाफ्याचा वास येत होता? "जमत नाही." तुम्हाला तरी जमत होतं? दवाखान्यातल्या सिस्टरनं एकदा करून दाखवलं असेल आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही. तेव्हा हे त्याच खोलीत उभे होते की बिल भरायच्या रांगेत?

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळासाठी 2007 चा एक कायदा आहे. त्यात अपत्य म्हणजे कोण ते लिहिलंय: मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या यादीत नाही. तुम्हाला कोर्टात जा म्हणत नाहीये, जीभ चावते. पण दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्या माणसांना जे सुचलं, ते तुमच्या हॉलमध्ये चार वर्षांत कोणाला सुचलं नाही.

आता काय करायचं ते. या कोजागिरीला रात्री आठ ते साडेबारा तुम्ही गच्चीवर, ते आईजवळ. विचारायचं नाही, सांगायचं. दूध कोण ढवळेल म्हणतील. कोणीही ढवळेल. बुडाला लागलं तर लागलं, एका वर्षी जळकट दूध प्यायल्यानं स्कीम ओस पडत नाही.

तुमचं पत्र घटस्थापनेच्या दिवशी आलं. म्हणजे हाताशी पंधरा दिवस आहेत, पुष्कळ झाले. आज रात्रीपासून दहाची कूस त्यांनी बदलायची, तुम्ही दारात उभं राहायचं, हात मागे बांधून. खालची चादर धरून वळवायचं. आईचा हात धरून ओढायचं नाही, लकव्याच्या बाजूचा तर मुळीच नाही, खांदा दुखावतो. पाठीशी उशी, गुडघ्यांच्या मधे उशी, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. पहिल्या दिवशी उशी उलटी लागेल. लागू द्या. तुम्ही पुढे झालात की संपलं, चार वर्षं तेच झालंय आणि त्यात तुमचाही हात आहे. "राहू द्या, मी करते" हे चार शब्द किती वेळा म्हणालात, मोजलेत कधी?

डायपर तुम्ही आठला बदलून वर जा. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला मुलासमोर संकोच वाटणार, तो मान ठेवलाच पाहिजे. दहाची आणि बाराची कूस मात्र त्यांची. आईला घोटभर दूध द्यायचं असेल तर ताठ बसवून, चमच्या-चमच्यानं, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, ठसका लागतो. हे तुम्हाला पाठ आहे. त्यांना नाही, म्हणून लिहिलं. हा परिच्छेद कापून त्यांच्या हातात दिला तरी माझी हरकत नाही.

आणखी एक. तुम्ही मोठी सून, म्हणजे हे थोरले. कोजागिरीच्या पौर्णिमेला आईनं पहिल्या अपत्याला ओवाळायचं असतं, आश्विनी म्हणतात. तुमच्या पत्रात आश्विनीचा उल्लेख नाही. लकवा झाल्यापासून बंद पडली असेल, असा माझा अंदाज. ओवाळणारी आडवी झाली आणि ओवाळून घेणारा गच्चीवर गेला. उजवा हात गेलाय, डावा आहे ना? तबक पेलणार नाही, तर मुलानं खालून हात लावावा. मागच्या उशा सारख्या करून तिला बसवावं, पाटावर समोर बसावं, आणि दिवा आपल्याच हातानं आपल्यासमोर फिरतोय असं दिसलं तरी गप्प राहावं. कुंकू कपाळाला लागलं नाही, नाकाला लागलं, तरी पुसू नये. तिला गेल्या चार पौर्णिमांना कोणी मागितलं नाही ते, बोलता येत असतं तर तिनंच मागितलं असतं. तुम्ही तेव्हा तिथं थांबू नका. वात लावून द्या आणि जिना चढा.

हे वाचून दहा जणी कळवतील की एवढं कशाला, रात्रीची बाई ठेवा. ठेवा की. ऐपत असेल तर उद्या ठेवा, दसऱ्याला ठेवा, दिवाळीला ठेवा. पण कोजागिरीला तिला सुट्टी द्या. ही रात्र पैसे देऊन भागवायची नाहीये.

आणि ते नाहीच म्हणाले तर? आठ वाजता चप्पल घाला आणि दाराबाहेर पडा. घरात दुसरं माणूस नसलं की आईजवळ बसणं त्यांना आपोआप जमेल.

मला त्यांची तेवढी काळजी नाही, तुमची आहे. तुम्ही वर जाल, चटईच्या कडेला बसाल, कोणी तरी भुलाबाईचं गाणं सुरू करेल आणि तुमचं लक्ष जिन्याकडे. दर दहा मिनिटांनी खाली फोन: उशी लावली का, पाणी दिलं का, पंखा कितीवर आहे. म्हणून फोन नेऊच नका. खरंच काही झालं तर जिना आहे. रात्री एकला डबा घेऊन त्यांना तो उतरता येतो, अकराला चढताही येईल. नव्या साड्यांतली एखादी घडी मोडा, मांडी घालून मधोमध बसा, दूध गरम असतानाच प्या आणि दुसरा पेला मागा.

फोन त्या डब्यात ठेवून जा. झाकण घट्ट लावा. वाजला, तर आत काय आहे ते तुमचे हे ओळखतील.