पेशींत चालते ते उंदरात का चालत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नैसर्गिक जीएलपी-१ (आतड्यातून स्रवणारे, इन्सुलिन वाढवणारे संप्रेरक) पेशींवर घातल्यास सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू व्यवस्थित वाढतो, परंतु तेच उंदराला त्वचेखाली टोचून तासाभराने ग्लुकोज पाजले तर रक्तशर्करेत फरक पडत नाही, तेव्हा कुपीतला माल खराब आहे का? मला मालापेक्षा घड्याळाचा संशय अधिक येतो.

हे संप्रेरक म्हणजे पेप्टाइड, अर्थात अमिनो आम्लांची छोटी साखळी. तिच्यात दुसऱ्या स्थानी अ‍ॅलनिन असते आणि डीपीपी-४ हे विकर (एन्झाइम) नेमके तिथेच कापते. रक्तातील शाबूत रेणूंचे अर्धायुष्य त्यामुळे जेमतेम २ मिनिटांचे असते, म्हणजे आपण ग्लुकोज पाजता तोवर खेळ संपलेला असतो. पेशींची चाचणी लवकर आटोपते आणि तिथे रक्तरसही नसतो, म्हणून ती आपल्याला फसवते. पेप्टाइड ग्लुकोजबरोबरच द्यावे, आणि ग्लुकोज तोंडाने न देता पोटाच्या पोकळीत टोचावे. कारण हे संप्रेरक जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते, आणि त्यानेच साखर कमी दिसली तर श्रेय चुकून इन्सुलिनला जाते.

दीर्घ परिणाम हवा असेल तर जीएलपी-१सारखेच काम करणारे एक्सेंडिन-४ वापरावे. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्यापासून जॉन एंग यांनी १९९२ मध्ये वर्णिलेल्या या पेप्टाइडमध्ये दुसऱ्या स्थानी ग्लायसिन असल्याने विकराची कात्री तिथे सहसा चालत नाही. सेमाग्लुटाइड या जीएलपी-१सारख्या औषधाला जोडलेली मेदाम्लाची शेपटी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते. मात्र माणसात सुमारे आठवडाभराचे असलेले त्याचे अर्धायुष्य उंदरात काही तासांवरच येते, म्हणून आठवड्यातून एकदा टोचण्याचे वेळापत्रक उंदरांना लावू नये.

कुपीवरील ९८ टक्के शुद्धता हाही नवशिक्यांना हमखास चकवणारा आकडा आहे. तो इतर पेप्टाइडांच्या तुलनेतला असतो. भुकटीतले पाणी आणि निर्मितीतून उरणारे ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटेट त्यात धरलेले नसते. निव्वळ पेप्टाइड ८० टक्के असेल, तर १ मिलिग्रॅम भुकटीत ०.८ मिलिग्रॅमच पेप्टाइड असते. शिवाय अतिविरळ द्रावणातले पेप्टाइड नळीच्या भिंतीला चिकटते, त्यात ०.१ टक्का अल्ब्युमिन घालावे, लहान वाटे करून गोठवावेत आणि एकदा वितळलेला वाटा पुन्हा गोठवू नये.

पुढे वजनाचा प्रयोग कराल तेव्हा औषध न दिलेला, पण औषधवाल्या उंदरांनी खाल्ले तितकेच खाद्य मोजून दिलेला गट अवश्य ठेवावा. उंदीर ओकत नाहीत, त्यामुळे मळमळीने सुटलेले खाणे आणि चयापचयातला खरा बदल नुसत्या वजनकाट्यावर वेगळे ओळखता येत नाहीत.