पद्मिनीचा स्टार्टर फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही
स्टार्टर जोमाने फिरत असूनही प्रीमियर पद्मिनी सुरू होत नसेल, तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी एक स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवणारी ठिणगी देणारा भाग) काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल, तर पुसून बसवावा आणि चोक न ओढता, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा. कोरडा असेल, तर पेट्रोलच पोहोचत नाही, आणि उन्हात तापलेल्या गाडीत पेट्रोल पंपावर (इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या भागावर) ओले फडके ठेवल्याने अनेकदा काम भागते. ठिणगी पाहण्यासाठी प्लग वायरला जोडून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे, अर्थात सांडलेले पेट्रोल आधी पुसूनच. ठिणगी पिवळट, मरगळलेली दिसली, तर डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या भागाच्या) झाकणातला दमटपणा पुसून, आतले काळवंडलेले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) हलक्या हाताने घासून त्यांच्यातली फट साधारण 0.45 मिलिमीटर ठेवावी. एवढ्याने भागले नाही, तर मेकॅनिक लगेच नवी कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारा भाग) सुचवतात. पण पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर स्वस्त असतो, तो आधी बदलून पाहावा.