नोकरी-संसार सांभाळून ‘निरंतर प्रार्थना’ कशी जमवायची?

तुमची अडचण मला समजली ती अशी. बायबलमध्ये प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना ‘निरंतर प्रार्थना करा’ असं लिहून ठेवलंय, आणि तुमचा दिवस नोकरी नि प्रवासातच संपतो. पहाटे उठून अर्धा तास बसायचा नेम तुम्ही तीनदा धरला, तिन्ही वेळा आठवड्याच्या आत मोडला. आता रविवारच्या उपासनेतसुद्धा अपराध्यासारखं वाटतं.

मी एका रुग्णालयात सिस्टर, म्हणजे नर्स आहे, २२ वर्षं झाली. पहाटेचा अर्धा तास मलाही कधी साधला नाही. रात्रपाळी करणाऱ्या बाईची पहाट कुठली? त्यामुळे तुमचा नेम मोडला याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. माफ करा, पण तो मोडणारच होता.

माझं गाडं रुळावर आलं ते हात धुण्यामुळे. आमच्याकडे पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर हात स्वच्छ करावेच लागतात. साबणाने नीट धुवायचे तर ४० ते ६० सेकंद. तळव्यावर तळवा, मग हातांची मागची बाजू, बोटांच्या फटी, अंगठे, शेवटी नखं. नव्या मुली घाई करतात, म्हणून त्यांना मनात गाणं म्हणायला सांगतात. मी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, म्हणायला लागले. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ला तळवे, ‘आमची रोजची भाकर’पर्यंत बोटांच्या फटी, ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ येतं तेव्हा मी नखांवर आलेली असते. एका पाळीत हे किती वेळा होतं ते मी मोजलेलं नाही. हाताची सालं निघतात एवढं खरं.

पहिली दोनेक वर्षं ती प्रार्थना नुसती घड्याळासारखी चालली, हेही कबूल करते. तोंडात प्रार्थना आणि डोक्यात सात नंबरच्या बेडचं सलाईन. मन ओढून आणायची खटपट करून थकले. मग कधीतरी उमगलं की मन सात नंबरला पळतंय तर पळू दे, सात नंबरलाच प्रार्थनेत घ्यावं. ‘आमची रोजची भाकर’ मधल्या ‘आमची’त तो बसतोच की.

यात माझी अक्कल काही नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधू होऊन गेले. आधी शिपाई होते, जखमी झाले, पुढे मठात आले तर वाट्याला आला भटारखाना. स्वयंपाकाची त्यांना मुळात नावड. तरी वर्षानुवर्षं तिथे राबले आणि भांड्यांच्या खडखडाटातही देवाशी बोलत राहिले. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. देवाचा विसर पडला किंवा चूक झाली, की ते रडत बसत नसत. तू मला माझ्यावर सोडलंस तर माझ्या हातून असंच होणार, असं देवाला सांगून पुन्हा कामाला लागत. तुम्ही तीनदा नेम मोडून स्वतःला जे बोल लावताय, त्यात थोडा अहंकार आहे, असं मला वाटतं. आपल्याकडून चूक व्हायलाच नको होती, हा तो अहंकार.

वेळ अगदीच कमी असेल तर बायबलमधल्या लूकच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या, लोक पापी समजत त्या जकातदाराचं वाक्य घ्या: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ एका श्वासाची प्रार्थना. मंदिरात शेजारचा परुशी, म्हणजे नियम कडक पाळणारा धार्मिक यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशमांश देतो, त्याचा हिशेब वाचत उभा आहे आणि हा मान वर करायलाही तयार नाही. पूर्वेकडच्या, म्हणजे ग्रीक-रशियन परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांनी याच वाक्याला येशूचं नाव जोडून जपच केलाय. लोकरीच्या गाठींच्या माळेवर म्हणतात. आपल्याकडे जप म्हटलं की काही जण लगेच प्रार्थनेत ‘व्यर्थ बडबड’ करू नका हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वाक्य काढतात. अहो, गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने तिसऱ्यांदा त्याच शब्दांत प्रार्थना केली, हेही मत्तयातच आहे. आणि तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक ज्यांचे, त्या मराठी ख्रिस्ती माणसाला नामस्मरणाचं वावडं कशाला?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक ज्येष्ठ आहेत. ते प्रार्थनेला उभे राहिले की देवाला आठवड्याच्या सगळ्या बातम्या कळतात. मी हसते, पण माझीही गत वेगळी नाही. गेल्या वर्षी एकदा बेसिनपाशी ‘आमेन’ म्हटलं आणि वळले, तर एका पेशंटचा मुलगा डिस्चार्जचा कागद विचारायला तिसऱ्यांदा आलेला. मी त्याच्यावर अशी खेकसले की अख्खा वॉर्ड बघायला लागला. हातावरचं पाणीही वाळलं नव्हतं. पुढच्या वेळी नळ सोडला तेव्हा पित्याला हाक मारायला तोंड नव्हतं, जकातदाराचंच वाक्य आलं. मग कागद नेऊन दिला आणि ‘चुकले रे बाबा’ म्हटलं.

तेव्हा दिवसात नवीन काही घालू नका. जे तसंही रोज करता त्यातलं एक काम निवडा: हेल्मेटचा पट्टा लावणं, कॉम्प्युटरचा पासवर्ड टाकणं, जिना चढणं. एकच निवडा आणि कुणाला सांगू नका. फोनवर गजर लावून पाहायचा मोह होईल. मी लावला होता. नेमका ड्रेसिंगच्या मध्ये वाजला, तो पेशंट दचकला. बसून प्रार्थना सोडाच असं मी म्हणत नाही. मी बसमध्ये रोज एक स्तोत्र वाचते, कधी डुलकी लागते.

हे सगळं मी खरं तर आधी नगर जिल्ह्यातल्या आमच्या घरी पाहिलं होतं, फक्त ती प्रार्थना आहे हे तेव्हा कळलं नाही. आजी बाजरीची भाकरी थापताना पुटपुटायची. प्रत्येक भाकरीला एकाचं नाव: थोरला मुलगा, धाकटी सून, आजारी भाऊ. त्यात शेजारची एक बाईही असायची, जिच्याशी बांधावरून आमचं वर्षानुवर्षं भांडण होतं. तिच्या नावाची भाकरी नेमकी करपते, असं आजोबा चिडवायचे. आजी ती स्वतःच्या ताटात घ्यायची.