मेगरवर पास झालेली कॉइल

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

डिप्लोमा होताच केबल कारखान्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये लागलीस, फार आनंद झाला. परवा फोनवर विचारत होतीस, "काका, मेगर इतकं चांगलं रीडिंग दाखवत होता, तरी साहेबांनी वायरची कॉइल पाण्यात टाकायला लावली. कशाला?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मेगर मोजतो तो इन्सुलेशनचा, म्हणजे तांब्यावरच्या पीव्हीसी आवरणाचा, विजेला होणारा अडथळा. त्या इन्सुलेशनला सुईच्या टोकाएवढं भोक आहे असं समज. कॉइल कोरडी असेल तर त्या भोकात हवा असते, आणि हवाही वीज अडवतेच. मग मेगरला दोष दिसणार कसा? पाणी भोकात शिरून तांब्याला भिडलं की दिसतो. म्हणून कॉइल भिजवायची, दोन्ही टोकं वर काढून कोरडी ठेवायची, आणि तांबं व पाणी यांच्यात व्होल्टेज द्यायचं. ११०० व्होल्टच्या वायरला ३ किलोव्होल्ट, ५ मिनिटं.

हे मी चूक करून शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी माल पाठवायची घाई होती आणि मी कोरड्या मेगरवर सही केली. ती वायर एका इमारतीत कॉन्ड्युट पाइपमधून ओढली गेली. पावसाळ्यात भिंतींना ओल आली आणि एका घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच, सारखा पडायला लागला. वायर परत आली तेव्हा मी ती वीतवीत बोटांतून सरकवली. एका जागी नखाला बारीकसा खड्डा लागला. भिंगाखाली धरला, तर काळा जळका कण आणि त्याच्या कडेला चमकणारं तांबं. क्रॉसहेडमध्ये, म्हणजे तांब्यावर वितळलेलं पीव्हीसी चढवणाऱ्या मशीनच्या तोंडात, अडकून जळलेलं पीव्हीसी सुटून आलं होतं. त्या घरात लहान मुलं होती. ती सही मला अजून टोचते.

म्हणून लाइनवर स्पार्क टेस्टर, म्हणजे धावत्या वायरच्या इन्सुलेशनमधलं भोक पकडणारं यंत्र, वाजला की तेवढा भाग कापून मोकळी होऊ नकोस. कापलेला तुकडा मागून घे. बुडबुडे दिसले तर पीव्हीसीच्या दाण्यांत ओल होती. काळा कण असेल तर क्रॉसहेड साफ करायला झालाय. स्ट्रँड, म्हणजे तांब्याची एखादी बारीक तार, बाहेर आली असेल तर चूक कंडक्टर वळतानाच झाली. कारण सापडेपर्यंत तोच दोष पुढच्या ड्रममध्ये येत राहतो.

स्पार्कला न सापडणारा दोष म्हणजे एका बाजूला पातळ पडलेलं इन्सुलेशन. ब्लेडनं पातळ चकती काप आणि मोठं करून दाखवणाऱ्या प्रोजेक्टरखाली फिरवून सर्वांत पातळ जागा शोध. नुसती सरासरी काढून थांबू नकोस. ठरलेली जाडी ०.८ मिमी असेल, तर कुठेही ०.६२ च्या खाली चालत नाही.

कंडक्टर रेझिस्टन्स घेताना तापमान लिहायला विसरू नकोस. अडीच चौरस मिमीच्या फ्लेक्झिबल तांब्याच्या वायरची मर्यादा किलोमीटरला ७.९८ ओहम, पण ती २० अंशांना. आपल्याकडे एप्रिलमध्ये लॅब ३६ अंशांवर असते. तिथं ८.३ आलं तर तू वायर नापास करशील. २० अंशांवर आणलं की तेच सुमारे ७.८ होतं. नुकतंच लाइनवरून उतरलेलं सँपल तर लगेच मोजूच नकोस, आधी निवू दे.

आणि एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. लांब केबल म्हणजे मोठा कपॅसिटरच. डीसी टेस्ट संपली, सप्लाय बंद झाला, तरी चार्ज आत असतो. चार्ज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय टोकाला हात लावायचा नाही, आणि अर्थिंग लगेच काढायचं नाही. हाय व्होल्टेज टेस्टच्या कुंपणाशी कधी एकटी उभी राहू नकोस, कुणी कितीही घाई केली तरी.

दिवाळीला येशील तेव्हा जमवलेले तुकडे डबीत घालून आण. माझं जुनं भिंग पुसून ठेवलंय, ते तुझंच.

तुझा,
काका